घोळाणा, लिंबू आणि भाजलेले तीळ



आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवू. आज समोर परात आहे, विळी आहे, मेथीच्या जुड्या आहेत, दोन-चार लिंबे आहेत. भाऊमंडळींना आम्ही मुद्दाम बसवून घेतले आहे. स्वयंपाकाची गोष्ट, तिथे आमचे काय काम, असे कोणी म्हणू नये. काम आहे. ते पुढे सांगतो.

आज घोळाणा करायचा आहे. खानदेशातल्या, वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या माणसाला हा शब्द नवा नाही. कोवळा हिरवा पाला कच्चाच चिरायचा. त्यात कांदा घालायचा, कूट घालायचे, कच्चे तेल, तिखट, मीठ घालायचे आणि हाताने घोळायचे. झाला घोळाणा. चूल नाही, फोडणी नाही. भाकरी थापून होईपर्यंत तयार होतो. देशावर कोणी याला कोशिंबीर म्हणेल, कोणी कचुंबर म्हणेल. शहरातल्या हॉटेलात असाच पाला काचेच्या ताटलीत घालून देतात, त्याला सॅलड म्हणतात आणि चांगले पैसे घेतात.

गावात मात्र उलटे झाले आहे. घरी पाहुणे आले की घोळाणा झाकून ठेवतात. "पाला काय वाढायचा? पाला तर गुरं खातात," असे म्हणतात. पाहुण्यापुढे बटाट्याचा रस्सा जातो आणि मेथीची जुडी कोपऱ्यात सुकते. आम्हाला हे पटत नाही. ज्या पाल्यात ताकद आहे तो लाजेखातर टाकायचा आणि ज्यात ती कमी आहे ते विकत आणायचे, हा कुठला व्यवहार?

ताकद म्हणजे काय, ते आता पाहू.

आपल्या रक्ताचा तांबडा रंग ज्यामुळे येतो त्यात लोह असते. लोह म्हणजे लोखंडच. पण ते खिळ्यासारखे नसते, अन्नातून पोटात जाणारे असते. ते कमी पडले की अंगात रक्त कमी होते. मग काय होते? विहिरीवरून हंडा आणताना धाप लागते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पायात गोळे येतात. पापणी खाली ओढून पाहिली तर आतली बाजू लाल दिसायची ती फिकट दिसते. बाई म्हणते, "अंगात जीवच नाही हो." आणि घरची माणसे म्हणतात, "आळशी झाली."

ती आळशी नसते. तिचे रक्त कमी झालेले असते. 2019 ते 2021 या काळात सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. 15 ते 49 वयाच्या बायकांचे रक्त तपासले. शंभरातल्या 57 जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. आपल्या महाराष्ट्रात शंभरातल्या 54 जणी निघाल्या. म्हणजे या वर्गात वीस जणी बसल्या असतील तर त्यातल्या निम्म्याहून जास्त. एकमेकींकडे बघा जरा.

बाईच्या अंगातून दर महिन्याला रक्त जाते. पोटात बाळ असले की तिचे रक्त दोघांना पुरवावे लागते. म्हणून तिला लोह पुरुषापेक्षा जास्त लागते. आणि ताटात काय येते? सगळ्यात शेवटी उरते ते.

आता मेथीत, हरभऱ्याच्या पाल्यात लोह आहे. तिळात आहे. बाजरीच्या भाकरीतही आहे. मग आपण रोज बाजरी खातो, तरी रक्त कमी का? त्याचे उत्तर असे. धान्यातले आणि पाल्यातले लोह शरीराला सहज घेता येत नाही. पुष्कळसे तसेच बाहेर पडून जाते. घरात धान्य आले, पण पोत्याचे तोंड बांधलेले, अशी ती गत. ते तोंड सोडायला कोण येते? लिंबू येते.

लिंबाच्या रसात एक पदार्थ असतो. त्याला 'क' जीवनसत्त्व म्हणतात. आपण बाराखडी गिरवताना पहिले अक्षर गिरवले ना, तोच क. हा क जेवणात असला की पाल्यातले आणि भाकरीतले लोह शरीर जास्त घेते. पण तो त्याच जेवणात असावा लागतो, बरं का. सकाळी लिंबाचे सरबत प्यायले आणि रात्री मेथी खाल्ली, तर उपयोग नाही. दोघांची पोटात गाठ पडली पाहिजे.

लिंबाची ताकद माणसाला कशी कळली, त्याची एक खरी गोष्ट आहे. पूर्वी इंग्रजांची जहाजे महिनोन् महिने समुद्रावर असत. खलाशांना खायला वाळलेली बिस्किटे आणि खारवलेले मांस. ताजा पाला नाही, फळ नाही. त्यांच्या हिरड्या सुजत, दात हलत, अंगावर काळेनिळे डाग पडत, आणि माणसे मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टराने जहाजावरच्या बारा आजारी खलाशांच्या दोन-दोनाच्या जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला रोजच्या अन्नावर वेगळा उपाय दिला. कोणाला शिर्का दिला, कोणाला समुद्राचे पाणी दिले. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिले. सहा दिवसांत जहाजावरची फळे संपली. पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर उभा राहिला आणि दुसराही सुधारला. बाकीच्यांना असा गुण आला नाही. तरी सरकारी आरमारात सगळ्या खलाशांना लिंबाचा रस द्यायला 1795 साल उजाडले. चांगली गोष्ट कळली तरी ती ताटात यायला इतका वेळ लागतो!

बरे, आता कामाला लागू. आधी पाला.

हिवाळ्यात पाल्याला तोटा नाही. कोवळी मेथी सगळ्यात चांगली. जून मेथी कडू लागते, ती भाजीला ठेवा. कांद्याची पात, मुळ्याचा कोवळा पाला, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, करडईचा कोवळा पाला, कोथिंबीर, हे सगळे चालते. हरभऱ्याचे शेंडे खुडले तर झाड फुटते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण फवारणी झालेल्या शेतातला पाला कच्चा खाऊ नका. शेत दुसऱ्याचे असेल तर विचारून घ्या. औषध मारले आहे का, केव्हा मारले, हे विचारायला लाजू नका. अळू तर कच्चे कधीच नको, घसा खाजून बेजार व्हाल. आणि जो पाला ओळखीचा नाही, तो परातीत येऊ द्यायचा नाही. शहराच्या नाल्याच्या पाण्यावर वाढलेली भाजी बाजारात हिरवीगार दिसते. ती कच्ची खाण्याची नाही.

चौघांच्या घोळाण्याला निवडलेली मेथी चार मुठी पुरे. पातीच्या चार-पाच काड्या, एक कांदा, मूठभर कोथिंबीर, एक हिरवी मिरची. शिवाय एक रसाळ लिंबू, दोन चमचे तीळ, एक चमचा जवस, दोन चमचे दाण्याचे कूट, दोन चमचे तेल आणि मीठ. घरात नाही असे यात काय आहे? जवस नसेल तर नसू दे. कूट नसेल तर तीळ थोडे वाढवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे काम, धुणे. इथे घाई केली तर घोळाण्याने रक्त वाढायच्या ऐवजी हगवण लागेल. कच्च्या पाल्याला माती असते, शेणखत असते, त्यातून जंतांची बारीक अंडी पोटात जातात. जंत पोटात झाले की तेही माणसाला अशक्त करतात. मग काय मिळवले?

म्हणून आधी हात साबणाने धुवा. विळीही धुवा. पाला निवडून मुळे काढून टाका. मोठ्या पातेल्यात पुष्कळ पाणी घ्या आणि पाला त्यात बुडवून हाताने हलवा. थोडा वेळ तसाच राहू द्या. माती तळाला बसेल. मग पाला वरून उचलून घ्या. पुष्कळ जणी काय करतात? पातेले कलते करून पाणी ओततात. मग तळाची माती पुन्हा पाल्यावर येते. पाणी ओतायचे नाही, पाला उचलायचा. पातेले धुवा, नवे पाणी घ्या, पुन्हा तसेच करा. पाण्याच्या तळाला माती दिसेनाशी होईपर्यंत धुवा. तीन वेळा तरी लागतेच. शेवटचे पाणी उकळून गार केलेले असावे, नाहीतर पिण्याचे औषध टाकलेले असावे. कोणी मिठाच्या पाण्यात पाला बुडवून ठेवतात. त्याने किडे-अळ्या सुटतात, पण रोगजंतू मरतात असे समजू नका.

धुतल्यावर रोवळीत निथळा आणि स्वच्छ फडक्यावर पसरा. पाला ओला राहिला तर तेल-लिंबू त्याला धरत नाही, सगळे खाली गळते.

आणि आधी धुवायचे, मग चिरायचे. चिरून धुतले तर त्यातली जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात. चिरायचेही जेवायच्या आधी, सकाळी चिरून दुपारपर्यंत ठेवायचे नाही.

पावसाळ्यात काय? चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. व्रताचे व्रती जाणोत. पण पावसाळ्यात पाल्याला चिखल फार, किडे फार आणि पाणी गढूळ, एवढे तर आपण डोळ्यांनी पाहतो. त्या दिवसांत पाला शिजवून खावा आणि वरून लिंबू पिळावे, हे आमचे मत. दोन वर्षांच्या आतल्या लेकरालाही शिजवलेलीच पालेभाजी मऊ करून द्या.

पाला निथळतो आहे तोवर तीळ भाजून घेऊ. हे काम सोपे दिसते, पण लक्ष मागते. कढई कोरडी हवी. चुलीतले लाकूड जरा मागे ओढा, जाळ बारीक करा. तीळ घाला आणि हलवत राहा. कढई सोडून पाणी भरायला गेलात की तीळ गेले. थोड्या वेळाने तीळ फुगतात, चटचट उडू लागतात, खमंग वास येतो. तेवढ्यात ताटलीत काढा. कढईतच ठेवले तर चूल विझली तरी तापलेल्या लोखंडावर ते करपतात आणि कडू होतात. जवस वेगळा भाजा. त्याला थोडा जास्त वेळ लागतो. एकत्र भाजले तर एक कच्चा राहील नाहीतर दुसरा जळेल. जवस तडतडला की झाला. तो कच्चा खाऊ नये, भाजूनच खावा. कोणाच्या घरी कारळे असतील तर तेही चालतात, चव छान येते. पण कारळे मुळातच काळे. रंगावरून भाजलेले कळत नाहीत, वासावरूनच ओळखावे लागतात.

गार झाले की खलबत्त्यात जाडेभरडे कुटा. अख्खा तीळ, अख्खा जवस दिसायला छान, पण दाताखाली नीट सापडत नाही. तो तसाच पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. कुटला तर अंगी लागतो. तिळात चुना पुष्कळ असतो, तो हाडांना हवा असतो. चुना म्हणजे पानाला लावतो तो नव्हे, हाडे ज्याची बनतात तो, डॉक्टर त्याला कॅल्शियम म्हणतात. कूट आठवड्यापुरतेच करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जास्त दिवस ठेवले तर जवसाच्या तेलाला खवट वास येतो.

आता लिंबू. लिंबू आधी पाट्यावर तळहाताने दाबून फिरवा, रस मोकळा होतो. मग आडवे कापा आणि बिया काढून वाटीत पिळा. बी परातीत राहिली आणि दाताखाली आली की तोंड कडू होते. फार जोर लावून सालही पिळू नका, सालीचा कडूपणा उतरतो. वाटी स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची घ्या. बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात लिंबू पिळू नका. आंबटाने ते कळकते आणि पोटाला बाधते. म्हणून घोळाण्याची परातही स्टीलचीच असावी, नाहीतर कल्हई केलेली.

पाला बारीक चिरा. कांदा, पात, मिरची, कोथिंबीर चिरून त्यात टाका. आधी तेल घाला आणि हलक्या हाताने पाल्याला सगळीकडे लावा. मग लिंबाचा रस. मग तीळ-जवस आणि दाण्याचे कूट. मीठ अगदी शेवटी, ताटे मांडल्यावर. मीठ आधी घातले तर पाल्याला पाणी सुटते, तो मलूल पडतो आणि घोळाण्याचा पाणचट लगदा होतो. तेल कशाला, असे एक जण मघा म्हणाले. तेल चवीला आहेच. पण हिरव्या पाल्यात डोळ्यांना उपयोगी असा एक पदार्थ असतो, तो तेलाशिवाय शरीर नीट घेत नाही. दोन चमचे पुरेत, थबथबीत नको.

लिंबू उकळत्या वरणात टाकण्याची काही घरांत सवय आहे. उकळीने क जीवनसत्त्व पुष्कळसे नासते. वरण उतरवा, ताटात वाढा आणि मग पिळा. उन्हाळ्यात लिंबू महाग होते हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा कैरी किसून घाला. हिवाळ्यात आवळा मिळतो, त्यात तर लिंबाच्या कित्येक पट क असतो. एक आवळा किसून घोळाण्यात टाकला तर लिंबू नसले तरी चालेल. चिंचेचा आंबटपणा चवीला ठीक, पण तिच्यात क फार थोडा. प्रत्येक आंबट वस्तू लिंबाचे काम करत नाही.

जेवणाबरोबर चहा घेऊ नका. चहा लोहाला अडवतो. लिंबाने दार उघडायचे आणि चहाने लावायचे, असे होते. जेवणानंतर तासाभराने घ्या. चहाशिवाय राहवत नाही हे आम्हीही जाणतो, पण तासभर काही जीव जात नाही.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. घोळाणा हे औषध नव्हे. रोज घोळाणा खाते म्हणून गोळ्या बंद केल्या, असे कोणी करू नका. गरोदर बाईला सरकारी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. रोज एक, अशा निदान 180 दिवस घ्यायच्या असतात. गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते, म्हणून बायका त्या फळीवर ठेवून देतात. काळे झाले तरी भिऊ नका. मळमळ फार झाली तर आशाताईला सांगा, पण गोळी सोडू नका. ज्यांना धाप लागते, चक्कर येते, त्यांनी रक्त तपासून घ्यावे. शिजवलेली पालेभाजी, डाळी, उसळी, आणि जे खातात त्यांनी मांस-मासळी, हे सगळे हवेच. घोळाणा त्यांच्या जोडीला आहे.

आता भाऊमंडळींचे काम. परातीत घोळाणा तयार झाला. पहिली पंगत बसली. तुम्ही बसलात, आजोबा बसले, पोरे बसली. चव चांगली लागली, दोनदा मागून घेतला. मागाहून घरची बाई बसली तेव्हा परातीत काय होते? तेलाचा ओघळ आणि कांद्याचे चार तुकडे. ज्या माणसाला लोह सगळ्यात जास्त हवे, त्याच माणसाला ते मिळाले नाही. तिने मागायचे नाही, अशी आपल्याकडे रीत. सासूबाई म्हणतात, "आम्ही असंच खाल्लं." खाल्ले खरे, पण बाळंतपणात किती बायका गेल्या, ते त्यांनाच विचारा. तेव्हा वाढायला घेण्याआधी एक वाटी बाजूला काढून झाकायची. ती वाटी घरच्या बाईची, सुनेची, पोटुशी असेल तर तिची आधी. ही वाटी बाईने स्वतः काढून ठेवली तर कोणी नावे ठेवील. म्हणून ती घरधन्याने काढावी. त्याने काढली तर बोलणार कोण? आणि सगळे एकदमच जेवायला बसत असाल तर वाटीचीही गरज नाही.

मेथी विकत घ्यावी लागते, अशी काहींची अडचण आहे. घरामागे दोन हात जागा असली तरी पुरे. मेथी पेरल्यापासून महिन्याभरात खुडायला येते. दर आठवड्याला एक ओळ पेरत गेलात तर हिवाळाभर तुटवडा नाही. मोरीचे सांडपाणी मात्र कच्च्या खायच्या पाल्याला घालू नका. ते केळीला द्या, लिंबाच्या झाडाला द्या. लिंबाचे झाड घरचे असले तर उत्तमच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेली साई सरबती ही कागदी लिंबाची जात चांगली आहे. रोपाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. म्हणून यंदाच लावा.

आता विळीवर कोण बसते? तुम्ही या पुढे. आधी हात धुवा.